हुकमाच्या ओळीचे वाचन

काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या खुणेपाशी कोणी 'एलएस' ही दोन अक्षरे उमटवितो, थोडी जागा सोडून एक आखूड आडवी रेघ आणि तिला लागूनच 'एल' हे एक अक्षर लिहितो व एंटरची कळ दाबतो. आणि पापणी लवते न लवते तोच त्या फोल्डरातील सर्व फाइलींची यादी, मालक, आकार, तारीख अशा साद्यंत तपशिलासह त्याच्यापुढे उभी राहते. ती रेघ आणि ते अक्षर लिहिले नसते तर केवळ नावे दिसली असती. दोन चिन्हांनी एवढा फरक पडला, तेव्हा ती कोणी तरी वाचली असली पाहिजेत, काही नियमाने वाचली असली पाहिजेत, आणि ती चुकीची असती तर त्या वाचणाऱ्याला काही तरी निर्णयही घ्यावा लागला असता. या वाचनाची हकीकत सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. (लेखात रोमन अक्षरे त्यांच्या उच्चाराने आणि इंग्रजी आकडे देवनागरीत लिहिले आहेत, प्रत्यक्ष पडद्यावर ते मूळ रूपातच टंकावे लागतात.)

सरकारी कचेरीत अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला प्रथम बारनिशीच्या टेबलापाशी उभे राहावे लागते. तेथील कारकून अर्जाचा निकाल देत नाही. अर्ज कोणत्या बाबीचा आहे, सोबतचे दाखले जोडले आहेत की नाहीत, मजकुरात काही अपुरे राहिले आहे काय, एवढेच तो पाहतो आणि मग आवक क्रमांक घालून कागद पुढे पाठवितो. हे काम वरवर गौण वाटते. परंतु त्याने अपुरा अर्ज डोळे झाकून पुढे जाऊ दिला, तर ती त्रुटी टेबलामागून टेबल ओलांडीत थेट निकालापर्यंत जाते आणि मग ती दुरुस्त करण्यास महिने लागतात. सी भाषेत लिहिलेल्या बहुतेक प्रोग्रामच्या आरंभीही असाच एक भाग असतो. कमांड लाइनवर, म्हणजे हुकमाच्या त्या एका ओळीत, वापरणाऱ्याने कोणते पर्याय मागितले हे वाचणे एवढेच त्याचे कर्तव्य. शिकाऊ लेखक हा भाग उरकून टाकतात आणि मुख्य कामाकडे धाव घेतात. प्रोग्रामची सचोटी मात्र येथेच कसास लागते असे माझे मत आहे. कारण जे समजले नाही ते समजले नाही असे दारातच स्पष्ट सांगणारा प्रोग्राम आणि न समजताच कामाला लागणारा प्रोग्राम यांतील अंतर पुढे कितीही सुंदर गणित मांडले तरी भरून निघत नाही.

या रेघेचा आणि अक्षराचा इतिहास अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेपाशी येऊन पोचतो. मल्टिक्स नावाच्या अतिमहत्त्वाकांक्षी प्रकल्पातून ही संस्था १९६९ साली बाहेर पडली आणि त्याच वर्षी केन थॉम्पसन यांनी, डेनिस रिची प्रभृती सहकाऱ्यांच्या संगतीने, पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर युनिक्सची मुहूर्तमेढ रोवली. त्या काळी संगणकाशी बोलायचे ते टेलिटाइप नावाच्या विद्युत टंकयंत्रावरून. त्याला पडदा नव्हता. कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला १० अक्षरे या वेगाने ते छापीत असे, आणि त्याच्या कळा बोटांना जड जात. जेथे लिहिणेही कष्टाचे आणि उत्तराची वाट पाहणेही कष्टाचे, तेथे शब्द आखूड होत जाणे हा निसर्गक्रमच म्हटला पाहिजे. रेघेने सुरू होणारे पर्याय मल्टिक्समध्येही होते, परंतु तेथे रेघेपुढे अर्थपूर्ण शब्द लिहिण्याचा प्रघात होता; युनिक्समध्ये एका अक्षरावर भागविण्यात आले. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या मार्गदर्शिकेत 'एलएस' या हुकमाला पाच पर्याय दिलेले आढळतात, आणि तपशीलवार यादीसाठी 'एल' व कालक्रमासाठी 'टी' ही त्यांतील अक्षरे अर्धशतकानंतर आजही त्याच अर्थाने चालू आहेत. पुढे १९७२ च्या सुमारास रिची यांनी सी ही भाषा सिद्ध केली, १९७३ मध्ये युनिक्सचा गाभाच, म्हणजे कर्नल, त्या भाषेत पुन्हा लिहिला गेला, आणि हुकमाची ओळ वाचण्याचे काम सी भाषेच्या पदरात कायमचे येऊन पडले.

ही ओळ प्रोग्रामच्या हाती पडण्यापूर्वी तिच्यावर आणखी एक संस्कार होतो, आणि तो ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळांचा गोंधळ उडतो. समजा, फाइलीच्या आरंभीच्या काही ओळी काढून देणारा 'ओळी' नावाचा एक लहानसा प्रोग्राम आपण लिहिला आहे. त्याला तीन पर्याय आहेत. 'व्ही' लिहिले तर काय चालले आहे ते त्याने बोलून दाखवावे, 'एन' पुढे किती ओळी हव्यात ती संख्या लिहावी, आणि 'ओ' पुढे उतारा ज्या फाइलीत ठेवायचा तिचे नाव लिहावे. वापरणारा लिहितो, 'ओळी -व्ही -एन १० -ओ सारांश यादी'. ही ओळ प्रथम वाचतो तो शेल, म्हणजे हुकूम घेऊन ते कामाला लावणारा मध्यस्थ. मधल्या मोकळ्या जागा पाहून तो या ओळीचे सात शब्द पाडतो. ओळीत एखादी तारका असेल तर तिच्या जागी जुळणाऱ्या सर्व फाइलींची नावे तोच भरतो, त्यामुळे तारका लिहिली होती हे प्रोग्रामला बहुधा कळतही नाही. 'जमा खर्च' अशा दोन शब्दी नावाभोवती अवतरणचिन्हे घातली नाहीत, तर शेल त्याचे दोन तुकडे करतो आणि प्रोग्राम बिचारा 'जमा' नावाची एक आणि 'खर्च' नावाची दुसरी अशा कधीच नसलेल्या दोन फाइली शोधीत बसतो.

शेलने पाडलेले शब्द गाभ्याच्या मार्फत प्रोग्रामच्या मुख्य फंक्शनला दोन वस्तूंच्या रूपाने मिळतात. पहिली 'आर्ग्सी', म्हणजे शब्दांची संख्या. आपल्या उदाहरणात ती ७. दुसरी 'आर्ग्व्ही', म्हणजे त्या शब्दांच्या पत्त्यांची क्रमवार यादी. सी भाषेत मोजदाद शून्यापासून होत असल्यामुळे शून्याव्या जागी प्रोग्रामचे स्वतःचे नाव 'ओळी', पहिल्या जागी '-व्ही', आणि असे करीत सहाव्या जागी 'यादी' बसते. सातव्या जागी, यादी संपली हे कळावे म्हणून, एक रिकामा पत्ता ठेवलेला असतो. यापलीकडे भाषा काहीही सांगत नाही. रेघेने सुरू होणारा शब्द म्हणजे पर्याय, दहा ही 'एन'ची सोबत आणि 'यादी' ही कामाची मुख्य वस्तू, हा सारा अर्थ वाचणाऱ्याने लावायचा आहे. सी भाषेच्या दृष्टीने ते सात शब्द म्हणजे सात अक्षरमाला, समान दर्जाच्या आणि समान मुक्या.

आरंभीच्या काळी हा अर्थ प्रत्येक लेखक आपापल्या परीने लावीत असे. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांनी १९७८ साली सी भाषेवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या पाचव्या प्रकरणात या विषयाला स्वतंत्र स्थान आहे. तेथे मजकुरात नमुना शोधणारा एक प्रोग्राम देऊन 'एक्स' आणि 'एन' हे दोन पर्याय हाताने कसे ओळखायचे ते दाखविले आहे. पत्त्यांशी खेळणाऱ्या त्या चारदोन ओळी इतक्या आटोपशीर आहेत की विद्यार्थ्याला त्या समजल्या तर पॉइंटर समजला असे मानण्यास हरकत नाही. परंतु दहा लेखकांनी दहा तऱ्हांनी हे काम केल्यावर जे व्हायचे ते झालेच. कोठे अक्षरे एकत्र जोडून लिहिता येत, कोठे येत नसत. कोठे संख्या अक्षराला चिकटवावी लागे, कोठे सुटी ठेवावी लागे. त्या काळच्या खुणा अद्याप शिल्लक आहेत. 'टार' हा हुकूम रेघेवाचूनही पर्यायाची अक्षरे स्वीकारतो, 'फाइंड' एकाच रेघेपुढे संपूर्ण शब्द मागतो, आणि 'डीडी' तर रेघ मुळीच न वापरता नाव, बरोबरचे चिन्ह व किंमत अशी भाषा बोलतो; ती त्याने आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरील जेसीएल या कार्यादेश-भाषेकडून नावासकट उचलली. एकाच गावात प्रत्येक कचेरीने अर्जाचा निराळा नमुना ठरवावा, तशी ही अवस्था होती.

तीवर तोडगा निघाला तो बेल प्रयोगशाळेची मातृसंस्था एटी अँड टी हिच्याच घरातून. पर्याय वाचण्याचे सामाईक फंक्शन 'गेटऑप्ट' या नावाने तिच्या युनिक्सच्या 'सिस्टिम थ्री' या आवृत्तीबरोबर बाहेर आले, आणि १९८५ साली टेक्सास राज्यातील डॅलस येथे भरलेल्या युनिफोरम परिषदेत त्याची मूळ संहिता कोणालाही विनाशुल्क वापरता येईल अशा रीतीने सार्वजनिक करण्यात आली. एका व्यापारी कंपनीने आपली मालमत्ता अशी खुली का करावी, याचे उत्तर उघड आहे. सगळ्यांनी एकच नमुना वापरला तरच त्या नमुन्याला किंमत येते. युनिक्स वळणाच्या प्रणालींसाठी ठरविलेल्या १९९२ च्या पॉझिक्स प्रमाणात हुकूम कसा लिहावा याचे नियम क्रमवार नमूद झाले, आणि कचेरी-कचेरीचा निराळा नमुना जाऊन एक सर्वमान्य शिरस्ता पडला.

गेटऑप्टची रचना इतकी साधी आहे की ती जवळून पाहण्यासारखी आहे. त्याला आर्ग्सी आणि आर्ग्व्ही यांच्याबरोबर तिसरी एक छोटी अक्षरमाला द्यायची असते. तिच्यात मान्य पर्यायांची अक्षरे सलग लिहायची, आणि ज्या अक्षरामागे सोबतीची किंमत यावयाची त्याच्यापुढे कोलन, म्हणजे आपल्या विसर्गासारखी उभी दोन टिंबे, द्यायची. आपल्या प्रोग्रामसाठी ही माला 'व्ही, एन, कोलन, ओ, कोलन' अशी पाच चिन्हांची होते. संपूर्ण प्रोग्रामचा शिरस्ता त्या पाच चिन्हांत मावतो. मग गेटऑप्टला पुनःपुन्हा बोलवायचे. प्रत्येक वेळी ते एक अक्षर हाती देते. पहिल्या बोलावण्याला 'व्ही' मिळते. दुसऱ्याला 'एन' मिळते आणि त्याच वेळी 'ऑप्टार्ग' या नावाखाली दहाचा पत्ता मांडून ठेवलेला असतो. तिसऱ्याला 'ओ' आणि त्यासोबत 'सारांश'. चौथ्या बोलावण्याला, पर्याय संपले म्हणून, उणे एक ही संख्या परत येते. आणि 'ऑप्टइंड' या नावाखाली ६ हा आकडा सापडतो, म्हणजे मुख्य वस्तू सहाव्या जागेपासून सुरू होते. वापरणाऱ्याने '-व्हीएन१०' असे सगळे एकाला एक चिकटवून लिहिले असते तरीही हीच अक्षरे आणि हीच किंमत हाती आली असती. ती सवलत लेखकाने एक अक्षरही जास्त न लिहिता वापरणाऱ्याच्या पदरात पडते. आणि कोणी '-झेड' असे भलतेच अक्षर लिहिले, तर गेटऑप्ट प्रश्नचिन्ह परत करते, मूळ अक्षर 'ऑप्टऑप्ट' या नावाखाली जपून ठेवते आणि तक्रारीचा एक मजकूरही स्वतःहून छापते. त्या प्रश्नचिन्हाचे काय करायचे हे मात्र लेखकाच्या विवेकावर सोडलेले आहे.

या विवेकाची किंमत मला एका प्रसंगाने चांगली समजली. एका तरुण मित्राने लिहिलेला असाच 'ओळी' प्रोग्राम साध्या संगणकावर दोन वर्षे बिनतक्रार चालत होता; तोच एआरएम जातीच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या, तळहाताएवढ्या लिनक्स पाटीवर नेला तेव्हा तो सुरू होई आणि तेथेच थिजून जाई. छापणे नाही, तक्रार नाही, अंत नाही. आम्ही दोघे एक संपूर्ण दुपार फाइली उघडणारा भाग तपासीत बसलो. दोष होता अगदी पहिल्या पानावर. गेटऑप्टचे उत्तर ठेवण्यासाठी त्याने पूर्णांकाऐवजी 'कॅर' जातीचा, म्हणजे एक अक्षर मावेल एवढाच, खण वापरला होता. अक्षरच परत येणार आहे तर अक्षराचा खण पुरे, असा त्याचा सरळ विचार. परंतु समाप्ती सांगणारे उणे एक हे अक्षर नव्हे. इंटेल वळणाच्या यंत्रांवर कॅरच्या खणात ऋण संख्या मावते, म्हणून तेथे निभावले; एआरएमवरील लिनक्समध्ये तो खण फक्त धन संख्या जाणतो, म्हणून उणे एक आत शिरताच २५५ होऊन बसे. प्रोग्राम विचारी, पर्याय संपले का. उत्तर येई २५५. आणि ते उणे एक नव्हे म्हणून तो पुन्हा विचारी. असा तो अनंत काळ विचारीत राहिला असता.

या घटनेतील खरा धडा खणाच्या मापाचा नाही. गेटऑप्टने दिलेल्या अक्षरानुसार फाटे फोडताना त्या तरुणाने 'व्ही', 'एन' आणि 'ओ' या तिन्ही शाखा लिहिल्या होत्या, परंतु यांपैकी काहीच नसेल तर काय करावे ही चौथी शाखा त्याने लिहिलीच नव्हती. ती असती आणि तिच्यात 'हे अक्षर मला समजले नाही' एवढे एक वाक्य असते, तर २५५ या अनोळखी पाहुण्याला पहिल्याच क्षणी हरकत घेतली गेली असती आणि आमची दुपार वाचली असती. दोन वर्षे हा प्रोग्राम चुकीचे पर्यायही, गेटऑप्टने तक्रार छापली तरी न थांबता, असेच गिळीत आला असला पाहिजे, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले.

वाचणाऱ्याची दुसरी कसोटी लागते ती फाइलीचे नावच रेघेने सुरू होते तेव्हा. युनिक्समध्ये फाइलीला '-आर' असे नाव देण्यास कोणतीही आडकाठी नाही. एखाद्याने चुकून अशी फाइल तयार केली आणि फोल्डरातील फाइली पुसण्यासाठी 'आरएम' या हुकमापुढे तारका लिहिली, तर शेल त्या तारकेच्या जागी सर्व नावे भरतो, त्यात '-आर' हेही येते. आणि आरएमला ते फाइलीचे नाव म्हणून न दिसता, पोटफोल्डरांसकट सर्व पुसण्याचा पर्याय म्हणून दिसते. हुकूम देणाऱ्याने जे सांगितलेच नाही ते त्याच्या नावावर अमलात येते. यावर पॉझिक्सच्या दहाव्या नियमाने उपाय दिला आहे. ओळीत नुसत्या दोन रेघांचा शब्द आला की त्यापुढील काहीही पर्याय समजू नये. गेटऑप्ट हा नियम आपोआप पाळते. हाताने वाचणारे लेखक तो हटकून विसरतात. नावापूर्वी टिंब व तिरकी रेघ, म्हणजे 'याच फोल्डरातील' अशी खूण, घातली तरी भागते, कारण मग शब्दाचा आरंभ रेघेने होत नाही.

एका अक्षराची काटकसर टेलिटाइपच्या काळात शहाणपणाची होती. पण वर्णमाला २६ अक्षरांची, मोठी-लहान धरून ५२, आणि हुकमांच्या मागण्या वाढत चाललेल्या. 'आर' म्हणजे एका हुकमात उलटा क्रम, दुसऱ्यात पोटफोल्डरांसह, तिसऱ्यात आणखी काही, अशी स्मरणशक्तीला शीण देणारी अवस्था आली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाने यावर दोन रेघांपुढे संपूर्ण शब्द लिहिण्याची प्रथा रूढ केली आणि ती वाचण्यासाठी 'गेटऑप्ट लाँग' हे फंक्शन दिले. '--आउटपुट=सारांश' असे लिहिलेले सहा महिन्यांनी वाचले तरी अर्थ कळतो. शब्द पुरता लिहिण्याचीही सक्ती नाही. एकच अर्थ निघेल इतका आरंभ पुरतो. परंतु 'व्हर्बोज' आणि 'व्हर्जन' असे दोन्ही पर्याय असताना कोणी फक्त पहिली तीन रोमन अक्षरे लिहिली, तर गेटऑप्ट लाँग त्यांतील एक आपल्या मनाने निवडीत नाही. अर्थ संदिग्ध आहे असे सांगून नकार देते. हा नकार मला या फंक्शनचा सर्वांत मोठा गुण वाटतो. ग्नूने आणखी एक उदारता दाखविली. पर्याय फाइलीच्या नावानंतर लिहिले तरी त्यांचे गेटऑप्ट सर्व शब्दांची फेरमांडणी करून ते ओळखते. ज्यांना जुनाच कडक शिरस्ता हवा असेल त्यांच्यासाठी 'पॉझिक्सली करेक्ट' नावाची एक परिसर-नोंद, म्हणजे एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल, ठेवली आहे. ती केली की पहिल्या मुख्य वस्तूपाशी वाचन थांबते.

आता मराठी वाचकाला जवळची अशी एक बाब पाहू. फाइलीचे नाव देवनागरीत लिहून ते सी प्रोग्रामला दिले तर चालते काय? चालते, आणि उत्तम चालते. अक्षरे बाइटांत मांडण्याच्या युटीएफ-८ या रूढ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक घटक तीन बाइटांचा होतो. 'यादी' या नावात य, काना, द आणि वेलांटी असे चार घटक, म्हणजे १२ बाइट. गाभ्याला लिपीशी कर्तव्य नसते, तो बाइट जसेच्या तसे आर्ग्व्हीत मांडतो. परंतु पर्यायाचे अक्षर देवनागरी ठेवू म्हटले तर साध्या गेटऑप्टपाशी अडते, कारण ते एका वेळी एकच बाइट वाचते. खऱ्या 'न' या अक्षरापूर्वी रेघ लिहिली तर त्याला तीन अनोळखी पर्याय दिसतात आणि ते तीनदा तक्रार करते. वाचकाला विचित्र वाटले तरी ही तक्रार प्रामाणिक आहे. अप्रामाणिकपणा पाहायचा असेल तर 'एन'पुढे दहाऐवजी देवनागरी पाचाचा आकडा लिहून पाहावा. शब्दाची संख्या करण्यासाठी बहुसंख्य विद्यार्थी 'एटॉय' हे फंक्शन वापरतात. एटॉय फक्त इंग्रजी आकडे जाणते, आणि काही न समजल्यास शून्य परत करून मोकळे होते. वापरणाऱ्याने पाच ओळी मागितल्या, प्रोग्रामने शून्य ओळी दिल्या, आणि दोघांनाही बिनसले कोठे हे कळले नाही. त्याऐवजी 'स्ट्रटॉल' वापरले तर ते संख्येबरोबरच आपले वाचन कोठे थांबले तो पत्ताही सांगते. तो पत्ता शब्दाच्या आरंभीचाच असेल तर एकही आकडा वाचला गेला नाही हे निर्विवाद, आणि शब्दाच्या मध्येच असेल तर पुढे काही तरी केरकचरा लागला आहे हे तितकेच निर्विवाद. दोन फंक्शनांत फरक एवढाच की एक आपले अज्ञान लपविते आणि दुसरे ते नोंदवून ठेवते.

ओळ नीट न वाचल्याचा परिणाम किती दूर जाऊ शकतो याचे एक अलीकडचे उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. लिनक्सवर 'पीकेएक्झेक' नावाचा एक प्रोग्राम असतो. सामान्य वापरणाऱ्याला, परवानगी तपासून, मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने एखादे काम करू देणे हा त्याचा व्यवसाय. आपल्या हुकमाची ओळ तो स्वतःच वाचीत असे, आणि वाचताना पहिल्या जागेपासून आरंभ करी. शून्याव्या जागी आपले नाव असणारच, हे त्याने गृहीत धरले होते. परंतु एक प्रोग्राम दुसऱ्याला सुरू करतो तेव्हा शब्दांची यादी संपूर्ण रिकामी देणेही त्या काळी लिनक्समध्ये शक्य होते. तसे केले असता आर्ग्सी शून्य होई, पहिली जागा यादीच्या हद्दीबाहेर पडे, आणि त्या जागी प्रत्यक्षात परिसर-नोंदींचा आरंभ असल्यामुळे पीकेएक्झेक परक्याचा मजकूर आपला म्हणून वाची, इतकेच नव्हे तर त्या जागी लिहीही. एवढ्या फटीतून कोणताही स्थानिक वापरणारा मुख्य प्रशासक बनू शकत असे. मे २००९ च्या पहिल्या आवृत्तीपासून हा दोष त्यात होता. क्वालिस या संस्थेच्या संशोधकांनी तो जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केला, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ तो उघड्या संहितेत सर्वांच्या डोळ्यांदेखत पडून होता. त्याच वर्षी लिनक्सच्या ५.१८ या आवृत्तीने यादी रिकामी आल्यास तीत एक रिता शब्द भरण्याची तजवीज केली. आर्ग्सी निदान एक आहे काय, एवढी एका ओळीची विचारणा आरंभी असती तर हा सारा अनर्थ टळला असता.

म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की प्रोग्रामचा हा पहिला भाग सर्वांत शेवटी, घाईघाईने लिहू नये. गेटऑप्ट उपलब्ध असताना हाताने वाचण्याचा हव्यास धरू नये. त्याचे उत्तर पूर्णांकाच्या खणात ठेवावे. चौथी शाखा न चुकता लिहावी. संख्या मागितली असेल तर ती संपूर्ण शब्दभर संख्याच आहे याची रुजवात घ्यावी. आणि समजले नाही तर तक्रारीचा मजकूर उताऱ्यात न मिसळता त्रुटींच्या स्वतंत्र प्रवाहावर द्यावा, म्हणजे उतारा फाइलीत जात असला तरी तक्रार माणसाच्या डोळ्यांपुढे येते. आणि शून्याखेरीज अन्य संकेतांक देऊन प्रोग्राम संपवावा, म्हणजे ज्या दुसऱ्या प्रोग्रामने त्याला बोलाविले असेल त्यालाही काम झाले नाही हे कळते.

त्या तरुण मित्राने आपला प्रोग्राम नंतर पुन्हा लिहिला. गेल्या खेपेला भेटला तेव्हा त्याने मुद्दाम माझ्यासमोर देवनागरी पाचाचा आकडा टंकून एंटर दाबले. शून्य ओळी आल्या नाहीत, प्रोग्राम थिजलाही नाही, पडद्यावर स्वच्छ मराठीत एक ओळ उमटली, "ओळी: '-एन' पुढील '५' ही संख्या मला वाचता आली नाही, कृपया इंग्रजी आकडा लिहावा." काम झाले नव्हते, हे खरे, परंतु मागणाऱ्याचे म्हणणे दारातच पुरते ऐकून घेतले गेले होते, आणि पुढे काय करायचे हे त्याला कळले होते.